ठिकाण, तारीख, माहितीदार

माझ्या प्रबंधातल्या सातव्या तक्त्यात एका पक्ष्याचं कुळ मी चुकीचं लिहिलं होतं. ती चूक परीक्षकांनी पकडली. मी दुरुस्ती केली, पान नव्यानं छापलं, प्रबंध नव्यानं बांधून घेतला आणि पदवी पदरात पाडून घेतली. त्याच ओळीत आणखी एक चूक होती. ती कुणी पकडली नाही, कारण विद्यापीठाच्या लेखी ती चूक नव्हतीच, उलट तिच्याबद्दल मला शाबासकी मिळाली. त्या चुकीपायी माझ्या आत्याचा राईतला मान गेला. हे लिहून माझं मन हलकं होईल असं मला वाटत नाही, आणि व्हायलाही नको.

आत्या मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या अंगाला असलेल्या एका गावात दिली होती. गावाच्या वरच्या बाजूला, ओहोळाच्या कडेनं राई आहे. राई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथलं वाळकं पानसुद्धा घरी न्यायचं नाही, कोयता लावणं तर लांबच राहिलं. आत वाघोबाचा शेंदूर फासलेला दगड आहे. पेरण्यांच्या आधी एका सकाळी सगळं गाव तिथं जमतं आणि वाघोबापुढे नारळ फुटतात. पहिला नारळ आत्याच्या घरचा, असा पूर्वीपासूनचा मान. आतोबा होते तोवर ते नारळ द्यायचे. ते गेले, पोटी मूल नव्हतं, तेव्हा त्यांच्या धाकट्या भावानं लगेच हात पुढे केला. पण त्या वेळी गावात एक जाणता म्हातारा होता. तो म्हणाला, चूल पेटते ना अजून त्या घरची? मग नारळ तिच्या हातून जाऊ दे, फोडंल कोणी पण.

तेव्हापासून नारळ आत्याच्या हातून जायचा. हळदीला जिला कुणी पुढे बोलवत नाही, कुणाची ओटी भरायची वेळ आली की जिला आपण होऊन मागे सरावं लागतं, अशा बाईला ती एक सकाळ काय वाटत असेल हे मी वेगळं सांगायला नको. त्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून सगळ्या गावाच्या पुढे चालायची. धाकटा दीर मात्र आयत्या बिळावर नागोबा व्हायची वाट बघत बसलेला होता. आत्याला ते ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

मी तेव्हा शहापूरच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर तेवढ्यापुरती शिक्षिका, घंटा झाली की कुणीच नाही. आसनगावात एक खोली घेऊन राहायचे आणि दरवर्षी जूनमध्ये, यंदा बोलावतील की नाही, म्हणून फोनकडे बघत बसायचे. कायमची जागा हवी तर पीएच.डी. हवी. म्हणून पीएच.डी. ज्ञानाची तहान वगैरे गोष्टी मी मुलाखतीत सांगितल्या, इथं सांगत नाही.

माशीमार हा विषय मी निवडला नाही, तो माझ्या वाट्याला आला. माझ्या आधीच्या विद्यार्थ्यानं बेडूक संपवले होते, त्याच्या आधीच्यानं फुलपाखरं. "तुम्ही त्या भागातल्याच ना," मार्गदर्शक सर म्हणाले, "मग शहापूर-मुरबाडचे माशीमार घ्या. लोकांनी दिलेली नावं आणि शास्त्रीय वर्गीकरण. दोन्ही साधेल." सरांनी त्या पाच वर्षांत एकदाही रानात पाऊल टाकलं नाही. कल्याणच्या पुढे गेलं की त्यांना पाणी बाधायचं. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसे ते खुर्चीत बसून माझे माशीमार हाकत. पण एक गोष्ट त्यांनी माझ्या डोक्यात पक्की बसवली होती. ठिकाण, तारीख, माहितीदार. ही तीन नसतील तर ती नोंद नव्हे, ती गोष्ट.

माशीमार म्हणजे फांदीवर गप्प बसून राहणारी, हवेत किडा दिसला की झेप घेऊन तो धरणारी आणि पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसणारी लहान पाखरं. आमच्याकडे हिवाळ्यात गळ्याशी तांबडा रंग असलेला एक येतो, आणि ओहोळाच्या सावलीत एक निळा बारा महिने असतो. या निळ्याच्या नावात एका गोऱ्या लष्करी साहेबाचं आडनाव आहे. साहेब कधीच मातीत गेला, पण आमच्या ओहोळावरचं पाखरू अजून त्याच्या नावानं ओळखलं जातं. मला याचा फार राग यायचा. एकदा सरांना म्हणाले, "सर, इथल्या बायाबापड्यांनी हे पाखरू पिढ्यान् पिढ्या पाहिलंय, आणि नाव कुणाचं?" सर हसले. म्हणाले, "पहिलं कुणी पाहिलं याला शास्त्रात किंमत नाही. पहिलं कुणी छापलं याला आहे."

त्याच दिवशी मी ठरवलं की माझ्या प्रबंधात मी माझ्या माणसांची नावं छापीन. माहितीदार म्हणून, पूर्ण नावगावासकट. राग खरा होता, त्याबद्दल मला आजही शंका नाही. त्या रागाचं मी पुढे काय केलं तेच सांगते आहे.

सलग तीन उन्हाळे मी आत्याकडे जाऊन राहिले. शहापूरहून सरळगावमार्गे मुरबाड, तिथून मिळेल त्या गाडीनं पुढे. दिवसभर वही-दुर्बीण घेऊन हिंडायचे आणि आत्या विचारायची, "घावला का गो तुझा साहेब?" निळ्याला ती साहेबच म्हणायला लागली होती, माझी चेष्टा म्हणून. तिसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी भांडी घासून झाल्यावर तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "चल, तुला डोहावरची पाखरं दावते. पण बोलू नको तिथं."

राईत ओहोळाचा एक डोह आहे, तो उन्हाळ्यातही आटत नाही. त्याच्यावर वाकलेल्या जांभळीच्या खालच्या फांदीला, हात वर केला तर जेमतेम पोचेल अशा उंचीवर, कोळ्याच्या जाळ्यानं लिंपलेली एक छोटीशी वाटी होती. "ते का?" म्हणून मी बोट केलं तशी आत्यानं माझं बोट धरून मुडपलं. कोवळ्या काकडीकडे, दुध्याकडे सरळ बोट करू नये, नाहीतर ते फळ कुजतं, असं आमच्याकडे मानतात. दाखवायचंच तर बोट मुडपून दाखवायचं. आत्याचा तोच नियम घरट्याला. मला हसू आलं. प्राणिशास्त्राची बाई मी, हसणारच.

वाटीत स्वर्गीय नर्तकाची मादी बसली होती. तांबूस पाठ, काळं डोकं, आखूड शेपूट. थोड्या वेळानं नर आला, सगळा पांढरा, डोकं तेवढं काळं, आणि मागे त्याच्या अंगापेक्षा लांब अशा शेपटीच्या दोन फिती. पलीकडच्या फांदीवर आणखी एक नर होता. शेपूट तशीच लांब, पण रंगानं मादीसारखा तांबूस. आत्या माझ्या कानाशी लागून म्हणाली, "तो धवळा हाय ना, तो म्हातारा. हा लाल, तो तरणा. दोन-चार उन्हाळे गेले का हा पण धवळा होतो. येकच जात."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगंल? दरसाल बघते मी."

मला भरून आलं. कारण जुन्या पंडितांनी पांढऱ्याला आणि तांबड्याला दोन वेगळे पक्षी समजून दोन वेगळी नावं दिली होती. ज्यानं पहिलं नाव दिलं, त्या परदेशी पंडितानं तर हा पक्षी कावळ्यांत नेऊन बसवला होता. त्याच्या देशात हा पक्षी नाही आणि तो आपल्याकडे कधी आला नाही, त्यानं घरबसल्या बारसं उरकलं. पुढच्यांनी याला कावळ्यांतून उचलून माशीमारांत घातलं आणि तिथं तो पुष्कळ वर्षं सुखानं नांदला. आणि इथं माझी चौथीपर्यंत शिकलेली आत्या भांडी घासून येते आणि एका वाक्यात सांगते, येकच जात. तिचं वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं.

परत निघताना ती म्हणाली, "ही जागा कोणाला सांगू नको गो. राईतली हाय."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

हे वचन मी मोडलं ते विसरून मोडलं असतं तर एक वेळ समजून घेता आलं असतं. मी ते विचार करून मोडलं. सातवा तक्ता करताना रकाने आखले: लोकनाव, मराठी नाव, शास्त्रीय नाव, कुळ, ठिकाण, तारीख, माहितीदार. ठिकाणाच्या रकान्याशी मी थांबले. नुसता तालुका लिहिला असता तर सर म्हणाले असते, मुरबाड तालुका केवढा मोठा आहे, बाई. गाव लिहिलं असतं तर म्हणाले असते, अक्षांश-रेखांश कुठं आहेत? फोनमध्ये ते होतेच. मी ते पार दशांश चिन्हाच्या पुढच्या शेवटच्या आकड्यापर्यंत लिहिले. सांगणं वेगळं आणि नोंद करणं वेगळं, अशी मी स्वतःची समजूत घातली. शिवाय इंग्रजी प्रबंध वाचतंय कोण? खुद्द सरांनी वाचला नव्हता.

माहितीदाराच्या रकान्यात आत्याचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. साहेबाचं आडनाव निळ्याला, तर माझ्या आत्याचं नाव निदान या ओळीत, असं मनात म्हणत लिहिलं. प्रबंधाच्या सुरुवातीच्या पानांत एक हमीपत्र असतं. त्यात मी सही करून लिहून दिलं की सर्व माहितीदारांची संमती घेतलेली आहे. आत्याला विचारायचं राहून गेलं असं मी पुढे लोकांना सांगितलं. राहून गेलं नव्हतं. विचारलं तर ती नको म्हणेल हे मला माहीत होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. मवाळ गृहस्थ. सातव्या तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "स्वर्गीय नर्तक माशीमारांच्या कुळात? तो केव्हाच काढलाय तिथून." जनुकं तपासल्यावर कळलं होतं की या पाखराचं माशीमारांशी जवळचं नातंच नाही. त्याचं कुळ वेगळं, आणि ते कुळ कोतवाल आणि कावळ्यांच्या जवळचं. म्हणजे तो पहिला परदेशी पंडित अगदीच वेडा नव्हता. शिवाय, ते म्हणाले, आधी सगळ्या आशियात मिळून एकच मानलेल्या जातीच्या आता तीन जाती केल्यात. जुनं शास्त्रीय नाव आपल्याकडच्या पक्ष्याकडेच राहिलं, कारण ते आधी त्यालाच दिलेलं होतं. ज्याचा आधीचा हक्क, त्याच्याकडे नाव. शास्त्र यात फार काटेकोर असतं.

मग त्यांनी माहितीदाराच्या रकान्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे मात्र उत्तम. असं प्रत्येकानं करायला हवं." सरांनी मान डोलावली, जणू कल्पना त्यांचीच.

दुरुस्तीसाठी मी शहापूरच्या एका टायपिंगच्या दुकानात तीन दिवस बसले. कुळ बदललं, इंग्रजी नाव बदललं, त्या बदलानं पुढच्या चार तक्त्यांतल्या बेरजा बदलल्या, त्याही केल्या. त्या ओळीवरून माझी नजर किती वेळा गेली असेल! दर वेळी शेवटच्या रकान्याशी मी थांबायचे आणि आत्याचं नाव नीट छापलं गेलंय ना एवढंच बघायचे. पाखराचं कुळ चुकू नये म्हणून जिवाचा आटापिटा केला. कल्याणला जाऊन मरून रंगाच्या पुठ्ठ्यात नवी बांधणी करून घेतली, वर सोनेरी अक्षरं. नियमाप्रमाणे प्रबंध इंटरनेटवरही चढला, सगळ्यांना वाचायला मोकळा.

आणि वाचणारे निघाले. मी ज्यांना धरलंच नव्हतं ते.

पुढच्या मे महिन्यात पक्ष्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो आला. पांढरा नर वाटीच्या काठावर, आत तीन उघड्या चोची, मागे सगळं स्वच्छ, एक पानसुद्धा आडवं नाही. मी खाली लिहिलं, "अप्रतिम!" पुढे दोन फुलं टाकली. चहा घेता घेता पुन्हा पाहिला तेव्हा वाटीच्या मागे डोहाकाठचा तो कातळ दिसला. घरट्यावर सावली धरणारी जांभळीची पानंच फोटोत नव्हती. काही फांद्या कापल्या होत्या, काही सुतळीनं मागे ओढून बांधल्या होत्या. माझं "अप्रतिम" तोवर सतरा जणांनी पाहिलं होतं.

दुपारी आत्याचा फोन आला. "पिल्लं मेली गो. उन्हानं. मोटारी घेऊन आलेले, तीन दिस ताडपत्री लावून बसले. मी गेले तर मलाच बोलतात, आजी, मध्ये येऊ नका." मग म्हणाली, "गावकी बसणार हाय रविवारी. तू ये."

रविवारी सकाळी मी पोचले. आत्या चुलीपाशी होती. मी बोलायला सुरुवात केली तर तिनं भाकरी पुढे सरकवली आणि विचारलं, "तुझं नोकरीचं कुठवर आलं?" मी सांगितलं की येत्या गुरुवारी मुलाखत आहे, कायमच्या जागेची, पदवीचे कागद तपासणार आहेत. ती म्हणाली, "खा मंग." माझ्या हातून काय घडलंय ते तिला कळलं होतं का, हे मी विचारलं नाही.

राईच्या तोंडाशी आंब्याखाली माणसं बसली होती. मध्ये जांभळीच्या कापलेल्या फांद्या आणून ठेवल्या होत्या, पानं वाळून गेलेली. राईत कोयता चालला, तोही नारळाला पंधरा दिवस उरलेले असताना. ही साधी गोष्ट नव्हती. दीर उठला. "परकी माणसं डोहापर्यंत आली कशी? वाट कोणी दावली?" त्याची सून बारावीपर्यंत शिकलेली. फोटोवाल्यांपैकी एकानं बढाईनं तिला मोबाइलवर माझा प्रबंध दाखवला होता, आणि तो तिनं स्वतःच्या मोबाइलवर घेऊन ठेवला होता. तिनं अडखळत वाचून दाखवलं: आकडे, तारीख, आणि मोठ्या आईचं, म्हणजे माझ्या आत्याचं, पूर्ण नाव. नाव ऐकलं तसे सगळे आत्याकडे वळले. जिचं नाव छापून यावं म्हणून मी एवढी धडपडले, तिचं नाव गावानं पहिल्यांदा छापलेलं ऐकलं ते असं. बारशाला म्हणून निघालेली मी बाराव्याला पोचले होते.

गावकीतला सर्वांत वडील माणूस माझ्याकडे वळला. आवाजात राग नव्हता. "तू शिकलेली हायस. तूच सांग. हिला इचारून तू हे लिवलंस, का न इचारता? न इचारता लिवलं आसंल तर हिचा दोष नाय. माहेरची पोर चुकली, तिच्याकडनं देवाला नारळ घेऊ न् मिटवू."

त्यानं वाट काढून दिली होती. एक शब्द बोलायचा होता.

पण दीर काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "न इचारता आसंल तर आमी कॉलेजला लिवणार," तो म्हणाला. "सुरवातीच्या पानावर हिची सही हाय, सगळ्यांना इचारलं म्हणून. वाच गो." आणि सुनेनं माझं हमीपत्र वाचलं.

गुरुवार चार दिवसांवर होता. मी काय विचार केला ते मला आठवतं, आणि तेच जास्त वाईट आहे. मी असा विचार केला की मान जाईल तर वर्षातल्या एका सकाळचा जाईल, आणि नोकरी जाईल तर जन्माची. दोन्हींची अशी तुलना करून मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. माझ्या हातात कुणीतरी दिलेला पाण्याचा तांब्या होता, तो मी खालीसुद्धा ठेवला नाही.

आत्या उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. म्हणाली, "तिनं इचारलेलं. मीच बोलले, लिव. माझं नाव छापून येतं तर येऊ दे, बरं वाटंल, म्हणून."

"न् जागा?"

"जागा पण मीच सांगितली."

मरेपर्यंत मला ते वाक्य ऐकू येत राहील. बरं वाटंल म्हणून! ज्या बाईनं उभ्या आयुष्यात आरशातसुद्धा दोनदा पाहिलं नसेल, तिनं साऱ्या गावापुढे स्वतःला नावाची हावरी ठरवून घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण त्यात चोर निदान पळालेला असतो. इथं तो शेजारी मांडी घालून बसला होता. गावकीतल्या त्या म्हाताऱ्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याला खरं काय ते कळलं असावं. पण तो बोलू शकत नव्हता, बोलायचं मला होतं. ठरलं ते असं: यंदापासून पहिला नारळ दिराच्या घरचा.

गुरुवारची मुलाखत उत्तम झाली. समितीतल्या एका बाईंनी विचारलं की लोकज्ञानाचा तुमच्या वर्गीकरणाला काय उपयोग झाला. मी पांढऱ्या आणि तांबड्या नराची गोष्ट सांगितली, एका अशिक्षित वृद्धेनं एका वाक्यात जे ओळखलं ते, असं म्हणाले. अशिक्षित म्हणाले, चौथी पास होती तरी. बोलण्याच्या ओघात तसं बरं वाटतं. बाईंचे डोळे पाणावले. आठवड्यानं पत्र आलं.

पुढे मी विद्यापीठात अर्जही केला, तक्ता सातमधलं ठिकाण आणि नाव काढून टाका म्हणून. तिथल्या कारकुनानं विचारलं, "शास्त्रीय चूक आहे का काही?" नाही म्हणाले. "मग राहू दे की." त्यामुळे ते अजून तिथं आहे. पक्ष्याचं कुळ तेवढं बरोबर आहे. पण हे नंतरचं. आधी नारळाचा दिवस आला.

मी आदल्या दिवशीच जाऊन राहिले होते. सकाळी आत्यानं रोजचंच लुगडं नेसलं. पिशवीत एक नारळ घेतला, इतरांसारखा, मागाहून फोडायचा. गुडघे दुखत होते म्हणून आम्ही हळू चाललो होतो. इतकी वर्षं ती पोचल्याशिवाय तिथं कुणी अगरबत्तीसुद्धा लावत नसे. शेताच्या शेवटच्या बांधावर होतो तेवढ्यात राईतून ढोल वाजला आणि वाघोबाच्या नावाचा गजर झाला.

आत्या थांबली. "फुटला," म्हणाली.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "पत्र आलं ना गो तुझं?"

"आलं."

"पक्की ना आता?"

"पक्की."

"मंग झालं," ती म्हणाली आणि बांधावर बसली. "आता काय घाई नाय. तू जा पुढं, मी बसते हितंच."

राई तिथून दोनशे पावलांवर होती. ज्यांना खरं सांगायचं होतं ती सगळी माणसं एकाच जागी जमलेली होती, तो म्हातारा, दीर, त्याची सून, सगळी. पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी आत्याच्या हातातली नारळाची पिशवी घेतली, तिला हात देऊन उठवलं, आणि आम्ही दोघी घराकडे परत फिरलो.